इंजिन घरी बांधायचे, तर आधी मोजायला शिका

चढावर गाडी निळा धूर सोडू लागली, दर काही दिवसांनी ऑइल घालावे लागू लागले, पिकअप गेला, की गॅरेजवाल्याचे निदान ठरलेले असते : इंजिनचे काम काढावे लागणार. इंजिन खोलले की मालक मात्र बुचकळ्यात पडतो, कारण आत काहीच तुटलेले नसते. पिस्टन शाबूत, क्रँक शाबूत, सिलिंडरच्या भिंती तर चकचकीत. मग बिघडले काय? थोडे गणित करून पाहू. ८१ मिमी व्यासाचे चार सिलिंडर आहेत, पिस्टनची वर-खाली धाव ७७ मिमी आहे आणि झिजून प्रत्येक सिलिंडरचा व्यास ०.१ मिमीने वाढला आहे, असे धरा. चारही सिलिंडर मिळून झिजलेले लोखंड भरते जेमतेम २८ ग्रॅम. शंभर किलोहून जड असलेले यंत्र एवढ्याशा धातूपायी निकामी होते.

याचे कारण असे, की इंजिनाचे आयुष्य धातूइतकेच धातूंमधल्या फटींवर अवलंबून असते. पिस्टन आणि भिंत, क्रँक आणि बेअरिंग, रिंगेची दोन टोके, व्हॉल्व्ह आणि कॅम या प्रत्येक जोडीत एक ठरावीक अंतर राखलेले असते. ते वाढले तरी नुकसान, कमी झाले तरी नुकसान. परफॉर्मन्स गाडीचे इंजिन पहिल्यांदाच घरी बांधायला निघालेल्याला वाटते, की कस लागणार तो पाने फिरवण्यात आणि जड भाग उचलण्यात. खरा कस लागतो तो मोजण्यात. आणि मोजणे ही चिकाटीने शिकता येणारी गोष्ट असल्यामुळेच हे काम घरी होऊ शकते.

एक इंजिन नमुन्याला

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक खरे इंजिन समोर ठेवू. टोयोटाने १९८३ मध्ये कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रुएनो या जोडगाड्यांत ४ए-जीई हे इंजिन बसवले. चाहते या दोन्ही गाड्यांना एई८६ म्हणून ओळखतात. १,५८७ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचे हेड अशी त्याची रचना. हेडच्या घडणीत यामाहाचा वाटा होता. उत्तर अमेरिकेतल्या फॉर्म्युला अटलांटिक शर्यतींत हे इंजिन धावले आणि शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या मांगा मालिकेने त्याची गाडी जगभरच्या तरुणांना माहीत करून दिली. पहिल्या प्रयत्नासाठी ते सोयीचेही आहे. बिडाचा ब्लॉक पुन्हा बोअर करता येतो आणि सिलिंडर एका ओळीत असल्याने हात सगळीकडे पोहोचतो.

पण इथेही पहिलाच सापळा मापाचा आहे. सुरुवातीच्या ४ए-जीईच्या ब्लॉकवर बाहेरून ३ उभ्या कडा दिसतात, नंतरच्या ब्लॉकवर ७. तीन कडांच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडला जातो तो क्रँकचा गोल भाग ४० मिमी व्यासाचा असतो, सात कडांच्या इंजिनात तो ४२ मिमीचा. पिस्टनची पिनही आधी १८ मिमी होती, ती नंतर २० मिमी झाली. इंजिनाचे नाव तेच, भाग मात्र एकमेकांना लागत नाहीत. म्हणून ऑर्डर देण्याआधी कडा मोजायच्या.

फेरे दुप्पट, ताण चौपट

साध्या गाडीचे इंजिन अंदाजाने जोडले तरी बरेचदा चालून जाते. परफॉर्मन्स इंजिनाला ही सवलत का मिळत नाही? ४ए-जीई मिनिटाला ७,५०० फेरे घेत असताना पिस्टन सेकंदाला १२५ वेळा वर जाऊन खाली येतो. त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर पडतो. पण हा वेग सलग नसतो. प्रत्येक टोकाला पिस्टन पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो, म्हणजे सेकंदाला २५० वेळा ब्रेक आणि २५० वेळा पुन्हा धाव. वरच्या टोकावर त्याला खाली खेचण्यासाठी लागणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून अधिक भरतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ३०० ग्रॅम वजन धरले, तरी रॉडवर येणारी ओढ साधारण साडेनऊशे किलोंची होते.

ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच इंजिन ३,७५० फेऱ्यांवर चालवले, तर साडेनऊशेचे अडीचशेच्या आत येतात. रोजच्या गाडीचा बहुतेक काळ अशा मधल्या फेऱ्यांतच जातो. तिथे चुकीच्या मापाला माफी असते. फेरे दुप्पट झाले की ताण चौपट होतो आणि तीच चूक बेअरिंग जाळते. परफॉर्मन्स इंजिनात निराळ्या जातीचे भाग असतातच असे नाही, पण चूक पचवण्याची जागा मात्र त्यात नक्कीच कमी असते.

तेलावर तरंगणारी क्रँक

आता सर्वांत महत्त्वाच्या फटीकडे वळू. क्रँक बेअरिंगमध्ये फिरते म्हणजे धातूवर धातू घासतो, असा सर्वसाधारण समज आहे. नीट चालणाऱ्या इंजिनात ते दोघे एकमेकांना टेकतही नाहीत. पावसाळ्यात हायवेवर साचलेल्या पाण्यातून वेगाने जाणारी गाडी अचानक हलकी होते, स्टिअरिंग सैल पडते. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी घुसते आणि गाडी त्या थरावर उचलली जाते. रस्त्यावर हा अपघात असतो, बेअरिंगमध्ये नेमके हेच घडवून आणायचे असते. फिरणारी क्रँक तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढत नेते, तिथे दाब तयार होतो आणि क्रँक तेलाच्या पातळ थरावर उचलली जाते. हा दाब ऑइल पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. पंपाचे काम क्रँक उचलण्याचे नसून फटीत तेल कमी पडू न देण्याचे असते. सिलिंडरच्या वरच्या टोकाला झीज सर्वांत जास्त का होते, याचेही उत्तर इथेच मिळते. तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, वेग शून्य होतो आणि त्या क्षणी तेलाचा थर टिकत नाही.

ही फट किती असावी? इंजिन बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा सांगतो, की क्रँकच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी. ४२ मिमी व्यासाला ०.०४२ मिमी, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी. अंतिम आकडा अर्थातच त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला. फट कमी पडली तर पुरेसे तेल फिरत नाही, बेअरिंग तापते आणि क्रँकला चिकटते. जास्त झाली तर तेल बाजूने निसटते. फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.०४ मिमीची फट ०.०८ झाली की गळती दुप्पट होऊन थांबत नाही, तेवढ्याच दाबाला ती आठपट होते. पंपाची ताकद ठरलेली असल्याने दाब कोसळतो आणि शिक्षा दुसऱ्याच एखाद्या बेअरिंगला मिळते.

इतकी बारीक फट घरी मोजण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे प्लास्टिगेज, दोऱ्याइतकी बारीक मऊ प्लास्टिकची काडी. बेअरिंग आणि क्रँक कोरडे पुसून काडीचा तुकडा क्रँकवर आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवायचा, बेअरिंगवरची टोपी बसवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचे आणि क्रँक जराही न फिरवता टोपी परत काढायची. काडी चेपून पट्टी झालेली असते. तिची रुंदी पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी ताडायची. पट्टी जितकी रुंद, फट तितकी कमी. मात्र ही पट्टी एकाच जागेची साक्ष देते. क्रँक लंबगोल झाली आहे का, हे कळायला मायक्रोमीटरनेच वेगवेगळ्या दिशांनी माप घ्यावे लागते. शिवाय ४२ मिमीच्या पोलादाचे माप दहा अंश तापमानाने सुमारे ०.००५ मिमीने बदलते. उन्हातून आणलेली क्रँक आणि कपाटातला मायक्रोमीटर यांची गाठ लगेच घालू नये. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत राहू द्यावेत.

नवे बेअरिंग तर कंपनीच्याच मापाचे असते, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर टोयोटानेच देऊन ठेवले आहे. ४ए-जीईच्या रॉडसाठी कंपनी बेअरिंगच्या १, २, ३ अशा क्रमांकांच्या जाडी बनवते आणि कोणता क्रमांक लावायचा ते रॉडच्या टोपीवर कोरते. कारण क्रँक, रॉडचे भोक आणि बेअरिंगची वाटी या तिघांत किंचित किंचित फरक असतोच आणि तिन्ही फरक एकाच बाजूला पडले तर फट हाताबाहेर जाते. ज्यांनी इंजिन घडवले तेच एका मापावर विसंबत नाहीत. घासून पुन्हा जोडलेल्या क्रँकच्या बाबतीत आपण विसंबायचे काहीच कारण नाही.

थंडपणी मोजायचे, तापल्यावरचा विचार करून

पिस्टनची गोष्ट थोडी वेगळी आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तेवढ्याच उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते. म्हणून पिस्टन पूर्ण गोल नसतो. त्याचा माथा जास्त तापतो, त्यामुळे तो खालच्या भागापेक्षा लहान ठेवतात. खालचा भाग किंचित लंबगोल करतात. म्हणूनच पिस्टन कुठेही मोजून चालत नाही. बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर, पिनच्या काटकोनात मोजले तरच आकडा खरा. फोर्ज केलेल्या पिस्टनमध्येही जात पाहावी लागते. २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन फार कमी असते, तो मार जास्त सोसतो पण फुगतोही जास्त, म्हणून त्याला फट मोठी द्यावी लागते. थंड इंजिनात तो खडखडतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के असते, तो कमी फुगतो आणि रस्त्यावरच्या गाडीला बरा पडतो.

रिंगेचे गणित सर्वांत स्वच्छ आहे. ८१ मिमी सिलिंडरमधल्या रिंगेचा घेर सुमारे २५४ मिमी होतो. रिंग भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर हा घेर ०.२८ मिमीने वाढतो. थंडपणी टोकांत एवढीही जागा नसेल, तर टोके एकमेकांवर आदळतात, रिंग अडकते आणि पिस्टनची कड तोडते. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ठोकताळा आहे व्यासाच्या दर हजार भागांना चार भाग, म्हणजे ८१ मिमीला ०.३२ मिमी. हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा थोडी जास्त जागा, बस. टर्बो असेल तर उष्णता वाढते, फटही वाढवावी लागते. हे काम पूर्णपणे घरचे आहे. रिंग सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टनने ढकलून सरळ करायची, टोकांत फीलर गेज घालून पाहायचे आणि कमी पडेल तेवढे कानशीने टोकावरून उतरवायचे. एकदा जास्त घासली गेलेली रिंग परत वाढत नाही.

टॉर्क पाना खोटे कुठे बोलतो

बोल्ट आवळताना आपल्याला हवा असतो तो बोल्टमधला ताण. बोल्ट किंचित लांबतो आणि त्या ताणाने भाग धरून ठेवतो. टॉर्क पाना मात्र फिरवायला लागलेला जोर दाखवतो आणि त्यातला जवळजवळ ९० टक्के जोर डोक्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणात जातो. आटे कोरडे असले, गंजलेले असले किंवा भोकात तेल साचलेले असले, तर पान्यावर आकडा तोच दिसतो आणि ताण वेगळाच येतो. त्यामुळे आटे स्वच्छ करणे, मॅन्युअल सांगेल तेच वंगण लावणे आणि हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळणे हे सोपस्कार नसून मोजमापाचाच भाग आहेत. काही बोल्ट आधी टॉर्कने आणि मग ठरावीक अंशांनी फिरवायचे असतात, कारण कोनाला घर्षण फारसे फसवू शकत नाही. कायमचे ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात.

घरी काय, वर्कशॉपमध्ये काय

कामाची वाटणी एका कसोटीवर होते. जिथे धातू कापायला किंवा तपासायला मोठे यंत्र लागते, ते काम वर्कशॉपचे. सिलिंडर बोअर करून होनिंग करणे, क्रँक ग्राइंड करणे, हेडचा तळ सपाट करणे, व्हॉल्व्हच्या बैठका कापणे, फिरते भाग बॅलन्स करणे आणि तडे तपासणे ही त्या यादीतली कामे. तिथेही आपली भूमिका निष्क्रिय नसते. बोअर करायला ब्लॉक देताना नवे पिस्टन सोबत द्यावेत, म्हणजे प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनच्या प्रत्यक्ष मापाला जुळवला जातो. होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड प्लेट बोल्टने आवळतात का, हे विचारावे, कारण हेड आवळल्यावर सिलिंडरचा गोलाकार किंचित बिघडतो आणि तो बिघडलेल्या अवस्थेतच गोल करणे शहाणपणाचे असते.

ब्लॉक परत आला की आधी धुणे. होनिंगने भिंतीवर तिरके बारीक ओरखडे पडतात. तेल धरून ठेवणारे हे ओरखडे हवेतच, पण दगडाची बारीक पूडही त्यांच्यात अडकते. पेट्रोलने किंवा रॉकेलने ती नीट निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. धुऊन, वाळवून, लगेच तेल लावून पांढऱ्या सुती फडक्याने भिंत पुसायची. फडक्यावर करडा डाग उमटला, तर पुन्हा धुवायचे. फडके पांढरे निघेपर्यंत रिंगा पाकिटातच राहू द्यायच्या. त्यानंतर सहा ठिकाणी, म्हणजे वर, मध्ये, खाली आणि प्रत्येकी दोन दिशांनी सिलिंडर मोजायचा. वर्कशॉपचे काम बरोबर झाले का, हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर स्पार्क प्लग न लावता, इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि ऑइलचा दाब दिसल्यावरच पहिला स्टार्ट द्यायचा. गाडी तासन्‌तास उभ्या उभ्या चालू ठेवू नये. रिंगा भिंतीवर बसायला भार लागतो. पहिले ऑइल आणि फिल्टर लवकर बदलून फिल्टर कापून पाहावा. चमकणारे कण कसले आहेत, हे चुंबकाने ओळखता येते. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर बेअरिंगचा किंवा पिस्टनचा धातू.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप अनुभवी मिस्त्र्यांच्या बाजूने येतो : हाताला कळते, मोजायचे कशाला? हाताचे ज्ञान खोटे नाही. क्रँक किती जोर लावल्यावर फिरते, रॉड पिनवर कसा सरकतो, यावरून जाणकाराला बरेच समजते. पण ते ज्ञान मधल्या फेऱ्यांवर चालणाऱ्या शेकडो इंजिनांतून आलेले असते. ताण चौपट होतो तिथे ०.०२ मिमीचा फरक महत्त्वाचा ठरतो आणि एवढा फरक बोटांना खात्रीने कळत नाही. पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याकडे तर हा हातही नसतो, त्याच्याकडे फक्त गेज असतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : वापरलेले अख्खे इंजिन आणून बसवले तर? रोजच्या गाडीसाठी ते अनेकदा योग्यच. पण तीसेक वर्षांपूर्वीच्या परफॉर्मन्स इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणजे काम टळत नाही. शिवाय इंजिन बदलले की त्याचा क्रमांक बदलतो आणि आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. त्याच ब्लॉकवर केलेल्या पुनर्बांधणीत क्रमांक तोच राहतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मान्य करायलाच हवा. घरी बांधल्याने मजुरी वाचते, पण मायक्रोमीटर, बोअर गेज, टॉर्क पाना, इंजिन स्टँड यांत ती खर्ची पडते. पैसे वाचवायला निघालेल्याने हे काम हाती घेऊ नये. घरच्या बांधणीचा फायदा वेगळा आहे. गॅरेजवाल्याच्या मागे पुढच्या गाडीची घाई असते, तर घरी एक माप पटले नाही म्हणून काम आठवडाभर थांबवता येते.

चौकट : थोडक्यात

- इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घातल्यावर आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा असण्याची शक्यता जास्त.
- बेअरिंगची फट : व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. अंतिम शब्द मॅन्युअलचा.
- रिंगेची फट : टर्बो नसल्यास व्यासाच्या हजार भागांना चार भाग.
- ४ए-जीईच्या सोळा व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्हची फट थंडपणी : इनटेक ०.१५ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० ते ०.३० मिमी.
- प्रत्येक टोपी ज्या जागेची, ज्या दिशेची, तिथेच परत. काढतानाच खुणा करा.
- कापायचे काम वर्कशॉपला, मोजायचे काम स्वतःकडे.

निर्णय कसा घ्यावा

परफॉर्मन्स इंजिन पहिल्यांदा घरी बांधता येते का, या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे. अट एकच, प्रत्येक फट आकड्यात माहीत असली पाहिजे. ज्याला मापे घेऊन ती वहीत लिहायचा कंटाळा आहे, त्याने इंजिन चांगल्या वर्कशॉपकडे सोपवावे, त्यात कमीपणा काही नाही. ज्याला तो कंटाळा नाही, त्याने महागडे पिस्टन मागवण्याआधी मॅन्युअल आणि मायक्रोमीटर घ्यावा आणि एखाद्या भंगारातल्या क्रँकवर सराव करावा. एकाच जागेचे माप लागोपाठ दहा वेळा घेऊन ते ०.०१ मिमीच्या आत जुळू लागले, की आपले इंजिन उघडायला हरकत नाही.